पहिला पाला

६ जुलै

आनेकलपर्यंत बस, पुढे रेशीम पिकवणाऱ्या फत्तेसिंगअण्णांची मोपेड. मांडीवर यंत्रांची पेटी. पाऊस बारीक, पण थांबत नाही. शहरात, मारतहळ्ळीच्या माझ्या खोलीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. इथे खिडकीतून तुतीचं शेत, मग नाचणी, मग ओढा. मला आवडलं. कंपनीच्या अहवालात याला जागा नाही, म्हणून इथे लिहिते.

काम सोपं आहे. रेशमाच्या अळ्यांच्या खोलीत तापमान आणि ओलावा मोजणारी यंत्रं बसवायची, आणि अळ्यांनी कोष करेपर्यंत, म्हणजे एक पूर्ण पीक, राहून नोंदी तपासायच्या. घर मराठी, पण कित्येक पिढ्यांपासून इथलंच, या कन्नड मुलुखातलं. पणजोबांचे पणजोबा घोड्यावर बसून आले आणि आम्ही अळ्यांवर आलो, असं अण्णा म्हणतात. माझं मराठी त्यांना बातम्या वाचल्यासारखं वाटतं. पेटी पाहून त्यांनी विचारलं, याला सर्दी झाली तर काढा कुणी द्यायचा. त्यांच्या बायकोने, रत्नाक्कांनी, त्यांना गप्प केलं आणि टॉवेलने माझं डोकं पुसलं. मी लहान असताना आई गेली; नंतर सगळी वसतिगृहं. मी डोकं पुसू दिलं याचं मलाच नवल वाटलं.

७ जुलै

अळ्या अंड्यांतून निघाल्या. केसाच्या तुकड्याएवढ्या, काळ्या. पिकाला पहिला पाला घरातल्या बाईने घालायचा, अशी इथली रीत. रत्नाक्का म्हणाल्या, स्वल्प, थोडासा, तूच घाल गं, तुझा हात थंड आहे. यंत्रं तपासायला मी आत होतेच, हात जंतुनाशकाने धुतलेले होते. नाही म्हणायला कारण नव्हतं. कोवळी पानं बारीक चिरून पसरली. त्यांनी मला कुंकू लावलं आणि आता तू यांची आई, असं म्हणाल्या. अण्णा हसले नाहीत.

११ जुलै

कात टाकण्याआधी अळ्या खाणं सोडून निश्चल पडतात. अशा चार झोपा असतात. काल पहिली झाली. मीही काल सकाळपासून आज दुपारपर्यंत झोपले. ताप नाही, मोजला. मला कुणी उठवलं नाही, माझं ताटही वाढलेलं नव्हतं. उठले तेव्हा तळहातांची साल निघत होती. जंतुनाशक सोसत नसावं. बदलते.

१५ जुलै

पुन्हा तसंच, अळ्यांच्या दुसऱ्या झोपेबरोबर. साल दंडापर्यंत गेली, हातमोजा काढावा तशी अखंड निघाली. खाली फिकट, मऊ कातडी. दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही.

आनेकलला डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर अण्णांचा घास हातातच राहिला. रत्नाक्कांनी समजावलं: पहिला पाला घालणारी कोष उतरेपर्यंत ओढा ओलांडत नाही. गेल्या पावसात त्यांची सून रम्या मध्येच माहेरी गेली आणि सगळं पीक कुजलं. ती आता कुठे असते, असं मी विचारलं. अण्णा हात धुवायला उठले.

१९ जुलै

तिसरी. त्यांची आणि माझी. आता कारण शोधत बसत नाही, निघते. निहारला, माझ्या कंपनीतल्या सहकाऱ्याला, फोन केला. ओढ्याचं पाणी उतरलं की गाडी घेऊन येतो म्हणाला.

भूक विलक्षण आहे. भात गिळवत नाही. रत्नाक्कांनी काही न विचारता तुतीच्या पाल्याची टोपली पुढे ठेवली. मी खाल्ली. सगळी. त्या माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. आई भरवताना असाच हात ठेवायची — की नाही? आठवत नाही. पण बरं वाटलं. तेच वाईट आहे.

२४ जुलै

चौथी संपली. मी झोपलेली असताना निहार येऊन गेला. रत्नाक्कांनी लपवलं नाही. त्याला कॉफी दिली आणि ती कालच बसने गेली, असं सांगितलं. पोरगा चांगला आहे म्हणाल्या. माझा फोन सापडत नाही.

चालत निघाले. बांधापर्यंत पोचले. पावसाचे थेंब नव्या कातडीवर चटके देत होते. तेवढ्यात मागे अळ्यांचं खाणं थांबलं. एरवी तो आवाज पानांवर पाऊस पडल्यासारखा, सतत. तो बंद झाला आणि माझा श्वासही. छाती हलेना. गुडघ्यांवर मागे सरकले तेव्हा दोन्ही परत सुरू झाले.

२८ जुलै

पाला. दिवसभर पाला.

पायांची बोटं एकमेकांत मिसळत चालली आहेत. रत्नाक्का तेल चोळत होत्या. रम्याबद्दल पुन्हा विचारलं. आली की परत, म्हणाल्या, यावंच लागतं. तिने कोष केला. आम्ही हात लावला नाही, घरची पोर म्हणून. ती फोडून बाहेर आली — पण फोडून निघालेलीला तोंड नसतं गं, खायला. दोन दिवस आमच्याकडे बघत राहिली.

रडल्या. मग म्हणाल्या, तुझे तसे हाल होऊ देणार नाही. रेशमाचे सगळे कोष फुटायच्या आत उकळतात, तसंच.

३१ जुलै

खाणं सुटलं. अळ्या बांबूच्या चौकटींवर चढल्या, कोष करायला. माझ्या खोलीतही एक चौकट आणून ठेवली — मोठी. हिरवा बांबू.

डोकं आपोआप हलतं. डावीकडे, उजवीकडे. ओठांतून काहीतरी थंड, चकचकीत येतंय. तोडलं. पुन्हा आलं. पेन त्यात —

आत राहिले तर पाणी. बाहेर निघाले तर तोंड नाही. तिसरा मार्ग — विचार करायला हवा, पण डोकं थांबत नाही —

अंगणात अण्णा ओल्या लाकडांना फुंकर घालताहेत. रत्नाक्का त्यांना सांगताहेत, हे पातेलं पुरणार नाही, शेजारून लग्नातला हंडा आणा. आणि जाळ हळू ठेवा, पोरीला कळता