सगळ्यात बारीक ओळ

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकायला कंबर तयार नाही. कारण शेवटी सांगतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? तलावावर नव्या पोरांना अजून तशीच शिट्टी फुंकून भंडावतेस ना? इकडे सगळे मजेत आहोत आणि तुझं भाकीत साफ खोटं ठरलं आहे, हे आधीच लिहून टाकतो.

आमची भिंगरी नऊ वर्षांची झाली तेव्हा तू म्हणाली होतीस की पोरीला सगळं खेळू दे, एकाच खेळाला जुंपू नकोस, नाहीतर ती खेळणंच सोडून देईल. तू जन्मभर पोहायला शिकवलंस, तुझं ठीक आहे. मी पडलो चष्मेवाला; नजर एका जागी ठरली पाहिजे, यावर माझं दुकान चालतं. त्यात बॅडमिंटनच्या सरांनी सांगितलं, आत्तापासून एकच खेळ ठेवलात तर वर्षाअखेर संघात निवड होईल. झालं! तिचं पोहणं, फुटबॉल, दोरीच्या उड्या, सगळं बंद. (सापशिडीही बंद केली होती, पण तीन दिवसांत मलाच करमेना.) वर दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्यासारखा एक झकास तक्ता रंगवून तिच्या पलंगासमोर टांगला. सगळ्यात वर वीतभर अक्षरांत 'बॅडमिंटन', मग शाळा, जेवण, झोप अशी अक्षरं लहान होत गेलेली, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'दुसरा खेळ नाही'.

दोन महिन्यांत पोरगी सुकली. रोज सकाळी पोट दुखायचं. (रविवारी नाही.) एकदा रॅकेट धुवायच्या कपड्यांच्या तळाशी सापडली. तुला म्हणून सांगतो, मी घाबरलो होतो. ही कायमची खेळ सोडते की काय, असं वाटायला लागलं, पण कबूल कुणापाशी करणार? आणि तिसऱ्या महिन्यात एकाएकी पोटदुखी थांबली, भूक वाढली, स्वारी गुणगुणत सरावाला जाऊ लागली. मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तक्त्याचं माहात्म्य ऐकवलं. (त्या नादात एका काकूंना त्यांच्या यजमानांचा चष्मा बांधून दिला.)

पंधरा दिवसांपूर्वी निवडीचा सामना झाला. शेवटच्या गुणाला शटल पार कोपऱ्यात पडत होतं. भिंगरीने सरळ आडवी उडी टाकली, पोटावर घसरत गेली आणि जमिनीपासून बोटभर अंतरावर ते उचललं. गुण तिचा, निवड पक्की! सर धावत आले, हे मी कधी शिकवलं म्हणून. ही कपडे झटकत म्हणते, "मी गोलकीपर आहे ना!" सराव संपला की रोज मागच्या मैदानावर फुटबॉल चालू होता, ताई! मी तक्त्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, "बाबा, तुम्हीच दुकानात सगळ्यांना सांगता, शेवटची ओळ दिसली नाही तरी काळजी करू नका."

सर पोट धरून हसले. आता आठवड्यातले दोन दिवस सगळ्याच पोरांना दुसरा खेळ खेळायला मोकळे दिलेत. मीही हसलो, जरा उशिरा.

एकंदरीत, माझी शिस्त फळाला आली.

तुझा धाकटा

ता. क. कॉलेजात तू गोल राखायचीस, तेव्हाचे हातमोजे असतील तर रविवारच्या आत पाठव. भिंगरीचे मला बसत नाहीत. तिला आता पुढे राहून गोल मारायचेत आणि गोलात उभं राहायला कुणी नाही, म्हणून मी उभा राहतो. गेल्या रविवारी अकरा गोल खाल्ले. बारावा अडवला, त्यात कंबर गेली. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

ता. ता. क. (ही ओळ मुद्दाम मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिली आहे, दिसली नाही तरी काळजी करू नकोस.) ताई, तुझंच बरोबर होतं.