अकराव्या टप्प्याची रिकामी फ्रेम

३ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. काउंटरच्या खणात काचेच्या तुकड्यांखाली ठेवणार. फ्रेमवाल्याच्या दुकानात तिथे कुणी हात घालत नाही.

संकल्प: या महिन्यात डोंगरवाटेचा एक टप्पा चालायचा. म्हणजे चालायचाच.

ही वाट आमच्या गावामागून निघते आणि पार पलीकडच्या खिंडीपर्यंत जाते. एकूण अकरा टप्पे. दादाने एकेक करत दहा केले. प्रत्येक टप्प्याचा एक फोटो आणायचा, मी तो फ्रेम करायचो. दहाही फोटो दुकानाच्या भिंतीवर ओळीने आहेत. त्यामुळे या वाटेचा माझ्याएवढा अभ्यास कुणाचाच नाही. मी स्वतः चाललेलो नाही, ही गोष्ट वेगळी. चालणाऱ्यांचं सगळं लक्ष पायाखाली असतं, त्यांना काय कळणार.

सकाळी वहिनी खाली आली होती. दादा गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटीच असते. महिनाअखेरीला लेकीकडे कायमची राहायला जातेय. म्हणाली, त्याआधी अकरावा टप्पा करून टाकू या, भाऊजी, तेवढा एकच राहिलाय त्यांचा. अकरावा दादाने माझ्याबरोबर करायचा म्हणून ठेवला होता. मी कधी नाही म्हटलं नव्हतं. सीझन बघू, एवढंच म्हणायचो. सीझन बघता बघता दादाला न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात सगळं संपलं. त्यात माझा काय दोष?

या वाटेची एक पद्धत आहे. वाट सुरू होते तिथल्या, खुणेच्या पहिल्या खांबाशी एक दगड उचलायचा, सगळे टप्पे बरोबर न्यायचा आणि शेवटच्या खांबाशी ठेवायचा. दादाचा दगड माझ्या काउंटरवर आहे. मुठीत मावेल एवढा, करडा. कार्डबोर्ड उडू नयेत म्हणून वापरतो. चांगला जड आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनीला समजावलं की असं भावनेच्या भरात एकदम अकरावा धरायचा नसतो. अकराच्या अकरा टप्प्यांचा तौलनिक विचार करून सर्वांत सीनिक टप्पा निवडायचा. उगाच पाय दुखवून घ्यायचे आणि वर बघायला काही नाही, असं नको. वहिनी म्हणाली, बरं. ती भांडत नाही, हे फार वाईट आहे. समोरचा भांडला की माणसाला बरं पडतं.

ही (माझी बायको) आतून म्हणाली की तुम्ही निवडेपर्यंत डोंगर झिजून सपाट होतील. हिला अभ्यास म्हणजे काय ते माहीत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

निवड झाली. टप्पा तीन. उंच झाडी, मधून ऊन, दरीवर लाकडी पूल. अप्रतिम. दुपारी वहिनीला सांगणार होतो.

पण दुपारी बघतो तर तीन नंबरच्या फोटोत खालच्या बाजूला टोपी. काळी, रुंद काठाची. सकाळी नव्हती.

खुलासा लगेच लक्षात आला. दादा नेहमी सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोत खाली त्याचीच लांबलचक सावली पडायची. डोक्यावर टोपी, हातात काठी. फोटोत फोटोग्राफरची सावली म्हणजे शुद्ध डिफेक्ट. म्हणून मी माउंट, म्हणजे काचेखालची ती रुंद कार्डाची पट्टी, दर वेळी खालून जरा जास्त ठेवायचो आणि सावली झाकून टाकायचो. दादा फ्रेम घ्यायला आला की हातात धरून बघायचा आणि हसत विचारायचा, झाकलंस का मला परत? दहाही वेळा हाच एक विनोद. फ्रेम न्यायचा तर नाहीच, इथेच भिंतीवर लाव म्हणायचा.

तर, माउंट घसरलंय. हवा दमट आहे, गम सुटला. बाकी काही नाही. टप्पा तीन रद्द. जिथला फोटोच एवढा ओल धरतो, तिथली हवा कशी असेल.

१० ऑक्टोबर, सोमवार

टप्पा पाच निवडला. तळं. तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब. हे वहिनीला आवडेल.

संध्याकाळी पाच नंबरचंही माउंट घसरलं. टोपी, खांदे आणि काठीचं टोक. एकाच डब्यातला गम असणार. टप्पा पाच रद्द.

आणखी एक. चार वाजता भिंतीवर एक सावली येते. दहाव्या फोटोच्या पुढे रिकामी फ्रेम आहे ना, तिथे. अकराव्या फोटोची फ्रेम दादाने आधीच करून घेतली होती. दोघांचा फोटो येईल म्हणाला, मोठी कर. ती सावली तिथे येते, थांबते आणि जाते. बाहेरच्या दिव्याच्या खांबाची आहे. बाहेर जाऊन खात्री केली. खांब नाही. पूर्वी होता बहुतेक.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

सराव सुरू. नवे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, हे बूट घातले की डोंगर आपणहून खाली येतो. बेकरीपर्यंत चाललो. टाच सोलली. डोंगर जागच्या जागी. परत येताना दातांचे डॉक्टर भेटले, त्यांनी विचारलं लंगडताय का. म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

वहिनीने आज दादाची टोपी आणून दिली. उन्हात लागेल म्हणाली. मी घेतली. आतल्या पट्टीला त्याच्या गुडघ्याच्या बामचा वास येतो. टोपीला गुडघ्याच्या बामचा वास का यावा, हे दादाच जाणे. सगळं एकाच पिशवीत कोंबायचा तो.

१७ ऑक्टोबर, सोमवार

चार वाजता रिकाम्या फ्रेमच्या काचेत दादा दिसला. स्पष्ट. टोपीसकट. माझ्याकडेच बघत होता. तोंडातून भलताच आवाज निघाला. ही आतून धावत आली. म्हणाली, आधी ती टोपी काढा डोक्यावरची.

टोपी मापाला बसते का ते बघत होतो, ते विसरलो होतो.

तरी एक मुद्दा उरतोच. काचेतला माणूस हसत होता. मी हसत नव्हतो.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

जिन्यात शिट्टी. दादा वर जाताना वाजवायचा तीच, ना सूर ना ताल. ही म्हणाली, शटरच्या फटीतून वारा येतो. मला ते माहीत होतंच. शटरला तेल दिलं, फटीत कागद कोंबला. तरी शिट्टी येतेच. वारा हुशार आहे.

हिने विचारलं की डोळे का पुसताय. काच कापताना कण उडाला म्हणून सांगितलं. तर म्हणे आज काच कापलीत कुठे? नवऱ्याच्या धंद्यावर इतकी बारीक नजर बरी नव्हे.

दादाची फार आठवण येते. लिहिलं. विषय संपला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

आढावा. दोन: नुसती चढण. चार: गर्दी. सहा: गाईंचा त्रास असतो म्हणे. सात, आठ, नऊ: तीन दिवसांत तिन्ही माउंटं घसरली. एक: पहिलाच, त्यात काय मजा. दहा: दादाने फोटो काढला तेव्हा त्याला ताप होता, असं आज वहिनीकडून कळलं. दहा बघवत नाही. काय राहिलं? अकरा.

म्हणजे शास्त्रशुद्ध पद्धतीने जाऊनही उत्तर अकराच आलं. वर जाऊन जाहीर केलं की सर्व बाजूंनी विचार करून मी अकरावा टप्पा निवडला आहे. वहिनी अर्धवट भरलेल्या खोक्यांच्या मध्ये बसली होती. म्हणाली, बरं झालं तुम्ही निवडलात. रविवारी जाऊ. सोमवारी माझी गाडी आहे.

मी दगड न्यायचा. हे मीच सांगितलं. दादाने तो माझ्याकडे दिला होता.

३० ऑक्टोबर, रविवार, सकाळ

बसने खिंडीखालच्या पार्किंगपाशी उतरलो. वहिनी, ही आणि मी. हवा स्वच्छ, ऊन छान. वाट वर जाते. फोटोत दिसत नाही इतकी वर.

निर्णय: मी बेस कॅम्प सांभाळणार. प्रत्येक मोहिमेत एक जबाबदार माणूस खाली लागतोच. सामान आहे, थर्मास आहे, शिवाय टाच. ही म्हणाली, थर्मास मी वर नेतेय, तुम्ही काय सांभाळणार? वहिनीने माझ्या कोटाच्या खिशाकडे एकदा बघितलं आणि चालू लागली. दोघी पहिल्या वळणाआड गेल्या.

दुपार

घोटाळा. दगड माझ्या खिशात!

बाकावर बसताना मांडीला टोचला तेव्हा कळलं. हाका मारल्या. एवढ्या अंतरावरून काय ऐकू जाणार. ज्याच्यासाठी जायचं तेच खाली राहिलं. वहिनी उद्या जाणार. आता काय?

उठलो. निघालो. एकट्याने. टाचेची पर्वा न करता पहिल्या वळणापर्यंत गेलो. श्वास लागला होता, पण जात होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

वळणावर मागून काठीचा आवाज आला. टक, टक. वळून बघितलं. कोणी नाही. पुन्हा समोर बघितलं तर वाटेवर माझी सावली, आणि तिच्या शेजारी दुसरी. रुंद. वर टोपीचा काठ.

फोन काढला, फोटो घेतला. मग उभा राहिलो. पाय उचलला तर तीही उचलेल का, हे बघायची हिंमत झाली नाही. दादा, म्हटलं. येतोस का, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ती हलली नाही, म्हणून मीही हललो नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच उभे. मग मान खाली घालून, वळून, उतरलो. मागे बघितलं नाही.

कारण तांत्रिक होतं. श्वास.

संध्याकाळ, बसमध्ये

दोघी उजेड असतानाच उतरल्या. मी लगेच म्हटलं, वहिनी, भलतीच गफलत झाली, दगड माझ्याकडेच राहिला. ती बुटातला खडा झटकत होती. म्हणाली, माहीत होतं मला, भाऊजी. दगड मागून घेतला असता तर तुम्हाला वर यायला कारण उरलं नसतं. म्हणून मुद्दामच मागितला नाही.

मी तिचा दुसरा बूट उचलून झटकून दिला.

वहिनी पुढच्या सीटवर झोपलीय. ही हळूच सांगतेय की शेवटच्या खांबाशी लोकांच्या दगडांचा ढीग आहे, त्याच्याकडे पाठ करून वहिनी वाटेकडे तोंड करून बसली होती. कोणी चढताना दिसलं की उठून उभी राहायची. खाल्लंसुद्धा नाही. म्हणायची, येतील, त्यांना वेळ लागतो.

३१ ऑक्टोबर, सोमवार

वहिनी गेली. जायच्या आधी दुकानात आली, तीन नंबर उघडून दाखवाल का म्हणाली. काच काढली, माउंट काढलं. दादा पायापासून टोपीपर्यंत पुलावर आडवा पडलेला. काठी धरलेल्या हाताचं कोपर बाहेर. तसंच धरायचा. वहिनीने त्या सावलीवरून बोट फिरवलं, कपाळापासून खाली, हळूहळू. म्हणाली, वाटेवरचा एकही फोटो नाही त्यांचा, असं वाटायचं मला. सगळे फोटो तेच काढायचे ना.

दहा फोटो. इतकी वर्षं. आणि ती वरच्याच मजल्यावर.

तीन नंबर तिला दिला, माउंट न लावता. दगड पुढे केला. म्हणाली, मी नेऊन काय करू, वाट इथे आहे.

टॅक्सी वळेपर्यंत हात हलवला. वहिनीनेही हलवला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

उरलेल्या नऊ फोटोंची माउंटं काढली. भिंतीवर नऊ दादा. गिऱ्हाइकं विचारतात हा कोण. भाऊ, म्हणून सांगतो.

माझा फोटो मोठा करून आणला आणि अकराव्या फ्रेममध्ये बसवला. वाट, माझी सावली, शेजारी दादाची. दोघांचा फोटो येईल म्हणाला होता, आला. हिला बोलावून दाखवलं. हिने चष्मा लावला, जवळ गेली, बराच वेळ बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, अहो, ही वळणावरच्या कचरापेटीची सावली आहे. घुमटासारखं झाकण आहे तिला. उतरताना मी अंड्यांची टरफलं टाकली तिच्यात.

म्हटलं, माहीत आहे मला.

हिने खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. फोटो तसाच ठेवलाय. काही झाकलं नाही.

संकल्प: आता खिंडीत बर्फ पडेल, ते वितळलं की अकरावा टप्पा. दगड आहेच. आधी बूट बदलून घ्यायला हवेत.

चार वाजता काउंटरपाशी बसलो होतो. भिंतीवर सावली आली नाही. शटरच्या फटीतला कागदही काढून टाकला. शिट्टी नाही. सहापर्यंत वाट बघितली. ढग आले असतील. ही म्हणते, दिवसभर लख्ख ऊन होतं. ढगच असणार.