राजाच्या पोरीने मोडलेलं आमच्या घरचं लग्न

रानशेत, ता. डहाणू

प्रिय भारतीस,

नवशीचा नमस्कार. तुझी अक्कलदाढ निघाली असेल आणि सूजही उतरली असेल असं धरून चालते. काकूंचे गुडघे कसे आहेत ते कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे, एक लग्न सोडून. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच "ऐक ना, नवशी" म्हणतेस आणि मग चूक माझीच निघते.

तुझं हस्तलिखित तलासरीच्या एका मुलींच्या वसतिगृहात वाचून दाखवलं. (तिथला सोलर पंप मी सांभाळते. मला नाही म्हटलं तर पाणी बंद पडतं असा तिथल्या बाईंचा समज आहे. तो मी दूर केलेला नाही.) जुन्या परीकथा वाढत्या वयाच्या मुलींसाठी स्त्रीवादी नजरेने पुन्हा लिहायच्या, ही कल्पना मला आजही पटते. चाचणीत काय आढळलं तेवढं सांगते. काचेच्या बुटाच्या गोष्टीत सावत्र आई पोरीला चूल, भांडी, झाडलोट करायला लावते, तिथे मुली हळहळतील असं तू समासात लिहिलं आहेस. नववीतल्या धाकली नावाच्या मुलीने विचारलं, "आनि पानी कोन भरतं?" पाणी तू लिहिलेलंच नाहीस, त्यामुळे छळ सौम्य ठरला. नायिका राजपुत्राला सोडून बुटांचा कारखाना काढते तिथे मात्र टाळ्या पडल्या, आणि कामगारांना न्यायला कंपनीची गाडी येते का, अशी चौकशी झाली. झोपलेली राजकन्या कोणाची वाट न पाहता स्वतःच उठते, याचं कोणालाही काही वाटलं नाही. "मंग? आवनीला कोन जाल?" एवढंच मागून ऐकू आलं. (आवणी म्हणजे भाताची लावणी. तुम्हा पुण्याच्या लोकांसाठी.)

आता शेवटची गोष्ट. राजकन्या भर मंडपात हार फेकते, मला लग्नच करायचं नाही म्हणते आणि आपल्या मर्जीने, लग्नाशिवाय, लाकूडतोड्याच्या घरी राहायला जाते. इथे तू समासात "धक्का!" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. मुली पुढचं ऐकायला थांबल्या. पुढे काही नाही म्हटल्यावर धाकली म्हणाली, "म्हंजे माझे काकीसारखा." दुसरी म्हणाली, "पोरांचे लग्नाला करतील त्यांचा पन. घाई कसली?" भारती, हे मी तुला आपण होस्टेलमध्ये असताना चार वेळा तरी सांगितलं असेल, पण तेव्हा तू आमच्या भिंतींवरच्या चित्रांबद्दलच विचारायचीस. आम्हा वारल्यांत दोघं संसार मांडतात आणि लग्न जमेल तेव्हा लागतं. कधी मुलंबाळं मोठी झाल्यावर. ते लावते धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत विधी करणारी बाईच. मात्र मुलाचं लग्न काढलं की आधी आईबापांचं लागलं पाहिजे; पुष्कळदा त्याच मंडपात. तुझ्या राजकन्येची क्रांती आमच्याकडे सोयीचा भाग आहे.

इथवर नुकसान फक्त तुझं होतं. पण त्या दिवशी माझी आई बरोबर होती. माझा भाऊ रूपेश याचं गंजाडच्या संगिताशी ठरलं आहे, म्हणून आधी आईबाबांचं लावायचं होतं, आणि वाचन झाल्यावर आम्ही तलासरीच्या बाजारात आईची लग्नाची साडी घेणार होतो. आई मागे बसून ऐकत होती. "तो शेवटचा परत वाच गो," म्हणाली. मी वाचला. (स्पष्ट आवाजात. ही माझी चूक.) बाजारात तिने सुकट घेतली, साडी घेतली नाही. घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "मी नाय लगीन करनार. राजाचे पोरीने पन नाय केला." बाबा तिच्याबरोबर माझ्या जन्माच्या आधीपासून राहतात, त्यांनी "कोनचा राजा?" एवढंच विचारलं. धवलेरीने सांगून टाकलं की आईचं नाही तर रूपेशचंही नाही. रूपेश माझ्याशी बोलत नाही. संगिता मला रोज मेसेज करते, त्यात शब्द नसतात, नुसती तोंडं असतात. ही सगळी कल्पित गोष्ट आहे, असं मी आईला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मंग वाचलीस कशाला?"

बाकी सर्व क्षेम. दाढेकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझी,
नवशी

ता. क. मुद्द्याचं राहिलं. त्या गोष्टीला आणखी एक प्रकरण जोडून ताबडतोब पाठव. राजकन्या पुष्कळ वर्षांनी, लाकूडतोड्याला पुरता पारखून, स्वतःच्या मर्जीने त्याच्याशी लग्न करते. तत्त्वात बसत नसेल तर बसव. मी पुन्हा स्पष्ट आवाजात वाचीन.

ता. क. २. प्रकरण लिहू नकोस. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, राजाच्या पोरीचं राहू दे बाजूला. तारीख रूपेशने काढली, मांडव मामाने ठरवला, धवलेरीला बाबा सांगून आले. "मना कोनी विचारला?" मी तर साडीचा रंगही ठरवून ठेवला होता.

ता. क. ३. आज बाबांनी विचारलं. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, सगळ्यांसमोर. आई म्हणाली, "बघते." रूपेश सकाळपासून तिचं पाणी भरतो आहे.