घरची म्हणून वगळली

२ फेब्रुवारी २०२५

ती. मच्छिंद्रकाकांना संघपालचा सविनय जय भीम.

वि. वि. मी इकडे खुशाल आहे. थंडी मात्र अशी, की भाजी आणायला गेलो तरी दाढीवर बर्फ बसतो. तुमच्या कानांनी दगा दिल्यापासून फोनवरचं निम्मं बोलणं वाया जातं, म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो नंदाकाकूच्या मोबाइलवर पाठवतोय. अक्षर वाईट आहे हे मला माहीत आहे, मार्क कापू नका.

मी ज्या अमेरिकन फुटबॉल क्लबच्या कार्यालयात आहे, त्यांनी मला नवं काम दिलंय. क्लबनं पन्नास वर्षांत पहिल्या फेरीत कोणकोण खेळाडू घेतले, त्याचा इतिहास लिहायचा. इथं दरवर्षी सगळे क्लब कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी जो तळाला, त्याला आधी निवडायचा मान. आमचा क्लब नेमानं तळाला असतो, त्यामुळे मानही आमचा आणि माती खाणारेही आम्हीच. एका वर्षी अख्ख्या देशातून पहिला उचललेला मुलगा तिसऱ्याच सामन्यात गुडघा धरून बसला. एकाला नुसती उंची बघून घेतलं, तो आता गालिचे विकतो. त्याला फोन केला तर म्हणाला, गिऱ्हाइकं अजून त्याला ओळखतात आणि ओळखून हसतात.

आता मुद्द्याचं. प्रस्तावनेत मला तुमची गोष्ट घालायची आहे. वीस वर्षं तुम्ही जिल्ह्याच्या खो-खो निवड समितीवर होता, आणि सख्ख्या भावाची मुलगी, आपली वृषालीताई, कमी पडली तर तिलाही बाहेर ठेवलंत. हे सांगितल्यावर आमचे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पुस्तक एप्रिलच्या ड्राफ्टआधी निघायचंय, तेव्हा परवानगी लवकर कळवा.

काकूला जय भीम. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू द्यावा.

तुमचा,
संघपाल

येरमाळा, १७ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी ते चार वेळा वाचलं. तोंड का उतरलं म्हणून काकूनं विचारलं, तर पित्तावर ढकललं.

ती गोष्ट छापू नकोस. ती खोटी आहे.

२००७ च्या नोव्हेंबरात कळंबच्या मैदानावर निवड चाचणी झाली. शेवटची एक जागा उरली होती आणि मुली दोन. एक आपली वृषाली, दुसरी बिरू मेंढपाळाची प्रतीक्षा. वृषालीनं सात गडी बाद केले, प्रतीक्षानं चार. फरक कुणालाही दिसावा असा होता. समितीत आपल्या समाजाचा मी एकटा. समितीतलेच सिद्धलिंग सर सहज हसून म्हणाले, की ही तर मच्छिंद्ररावांच्या घरचीच हाय. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण मला वाटलं, उद्या बोलतील, यांना खुर्ची दिली की हे घरचीच माणसं भरतात. गुणांचा तक्ता माझ्याकडे होता. मी साताचे तीन केले. सख्ख्या काकानंच कमी लिहिल्यावर कोण हरकत घेणार?

परत येताना एसटीत तिनं विचारलं, की काका, म्या कुठं कमी पडले. मी म्हणालो, तुझ्या पायात वेग न्हाय. त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. प्रतीक्षा पुढं राष्ट्रीय सामने खेळून आली आणि खेळाडू कोट्यातून पोलिसात लागली. वृषाली कळंबला कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. त्यावर कडी म्हणजे, पुढच्या जयंतीला निःपक्षपाती माणूस म्हणून माझा सत्कार झाला, आणि मी तो मान खाली न घालता घेतला.

मला लाज वाटते, संघपाल. सतरा वर्षं वाटतेय, पण तुझं पत्र वाचून अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटलं. वृषालीला यातलं काही कळवू नकोस, ही हात जोडून विनंती. तब्येतीला जपावं आणि मला मनातून काढू नये.

मच्छिंद्र काका

२५ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना जय भीम.

प्रस्तावना काढून टाकली. साहेबांना सांगितलं, की माझी माहिती चुकली.

सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मीच सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या होत्या. आणि घरी ताईला वर्षभर कासव म्हणून चिडवलं. ती कधी चिडली नाही, हे आता जास्त टोचतं. म्हणजे लाज तुमच्या एकट्याच्या वाट्याची नाही.

इथल्या यादीत फसलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, उंची, वजन, सगळं आहे. निवडणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. लोक हसतात ते त्या पोरांना.

मी ताईला सांगणार नाही, पण तुम्ही सांगा. दर शनिवारी तिला फोन करतो, गेल्या शनिवारी केला नाही. आवाजावरून तिनं ओळखलं असतं. तुमच्यावर रागावलोय, तरी माया आटलेली नाही, हे धरून चालावं.

संघपाल

कळंब, १२ मार्च २०२५

ती. मच्छिंद्रकाका, जय भीम.

तुम्ही दुकानात आलात, नको असलेलं दोन मीटर कापड घेतलंत, पाकीट ठेवलंत आणि चहा न घेता गेलात. पत्र मी तिथंच वाचलं. मग दोन गिऱ्हाइकांना चुकीचं माप फाडून दिलं आणि मालकांची बोलणी खाल्ली.

मला राग आलाय. तुम्ही लिहिता, लोकांना भ्यालो. सिद्धलिंग सरांना भ्यालात, गावाला भ्यालात, माझी मात्र भीती वाटली नाही, कारण मी घरची. घरची बोलणार नाही. खरंच, बोलले नाहीच. लग्नानंतर ह्यांनी पोलीस भरतीचा फॉर्म आणून दिला होता, तो मी भरला नाही. आठशे मीटर धावायचं होतं. पायात वेग नसताना चारचौघांत हसं कशाला करून घ्यायचं, असं मीच म्हणाले.

आता येत्या जयंतीला स्टेजवरून सगळं सांगायचं आणि मानपत्र परत करायचं, असं तुम्ही ठरवलंय. ते करायचं नाही. प्रतीक्षा आमच्या दुकानात येते. परवा तिची सासू सोबत होती, तर प्रतीक्षा माझ्या खांद्यावर हात ठेवून तिला सांगत होती, की या वृषालीला म्या मागं टाकलं, तवा मला कळलं मला जमतंय. तिनं चोरी केलेली नाही. तुम्ही बोललात, तर मला इतकी वर्षं जे वाटलं, ते उद्यापासून तिला वाटायला लागेल. ते दुसऱ्या कुठल्या बाईला वाटू नये.

तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय, काका. मोकळं व्हायचं नाही.

रविवारी जेवायला या, आई वाट बघतेय, तिला यातलं काही माहीत नाही. जयंतीला पुढंच बसा. प्रतीक्षा बंदोबस्ताला उभी असेल. कुणी तुमच्या न्यायीपणाचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या, तर खाली न बघता घ्या. मीही वाजवीन.

तुमची,
वृषाली