पाचही आवाज त्याचेच

सोमवार
नातवाच्या नव्या घरी आले. पोरगा जेवत नाही, जाऊन बसा त्याच्या उरावर, असं सूनबाईचं फर्मान. घर झकास आहे, फक्त एका खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्यात. इथे भिंती झोपतात का रे, विचारलं, तर ठोंब्या पोट धरून हसला. बाहेर पोरी त्याच्या नावानं किंचाळतात, मी ठोंब्याच म्हणते. पाच पोरांचं टोळकं होतं, मिळून गायचे, उड्या मारायचे. ते फुटलं. आता हा एकट्याचा पहिला अल्बम काढतोय.

मंगळवार
त्या गाद्यांच्या खोलीत काचेमागे माइकपुढे ठोंब्या गातो, अलीकडे रेकॉर्डिंगवाला बटणं फिरवतो. उरलेल्या चौघांचे आवाजही हाच काढतो. एकदा जाडा, एकदा बारीक, मग सगळे एकावर एक चढवायचे. ऐकताना पाच जण आहेत असंच वाटतं. बरं गातो मेला.

बुधवार
काल मशीनमध्ये जाडा आवाज भरला. आज ठोंब्याचा तो आवाज निघेचना. मिठाच्या गुळण्या करायला लावल्या.

शुक्रवार
बारीक भरला, तोही गेला. एका गाण्यात हसायचं होतं. आता हसताना नुसते खांदे हलतात. डॉक्टर म्हणतो घसा ठणठणीत आहे. रेकॉर्डिंगवाल्याला झापलं. तो म्हणाला, आजी, आता फक्त कुजबुज भरायची राहिली. मी म्हटलं, पोराकडे तेवढीच उरलीय. त्यानं तोंड फिरवलं.

शनिवार
सोड हे, म्हणून ठोंब्याच्या पाया पडले. आजी होऊन. तो कुजबुजला, त्या चौघांशिवाय मी कुणी आहे की नाही, ते मला कळू दे.
मशीन बंद होतं. तरी आत कुणीतरी हसलं. त्याचंच हसणं —

रविवार
ठोंब्या अंघोळीला गेल्यावर काचेमागे शिरले. कुजबुज माझी घे, पोराला सोड, म्हटलं. रेकॉर्डिंगवाल्यानं बटण दाबलं. काय पुटपुटले आठवत नाही —

सोमवार
माझा आवाज गेला. शिवीसुद्धा निघत नाही. रेकॉर्डिंगवाला पळालाय. जाऊ दे. ठोंब्या पलीकडच्या खोलीत बॅग भरतोय, घरी नेते —

काचेमागून हाक आली. माझ्या आवाजात. ठोंब्या, कुठायस रे —

तो धावला आत. दार ओढलं गेलं, उघडत नाही. काच बडवतेय, त्याला ऐकू जात नाही. माइककडे वाकलाय —

वही काचेला लावते. मोठं लिहिते.

ती मी नाही
इकडे बघ
ओ देऊ न