पदरावरचा डाग

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची जालन्याला! स्टेशनवर ऑटोवाल्याने आधी माझी उलटतपासणीच घेतली. बियाण्याच्या कंपनीत आलात का? नाही. मंग ब्यांकेत? मी म्हटलं, हाडांचे फोटो काढते. एक्स-रे व्हय, असं म्हणून त्याने प्रश्न मिटवून टाकला. सुईने किरणोत्सर्गी औषध देऊन काढलेले फोटो असतात, हे सांगायला गेले असते तर त्याने मला वाटेतच उतरवलं असतं, म्हणून हो म्हटलं.

सेंटर स्टेशनपासून जवळच आहे, एका अडत दुकानाच्या मागे, आणि माझी खोली दोन गल्ल्या पलीकडे. कॅमेरा नवा कोरा आहे. डॉ. जगन्नाथ सर संभाजीनगरला असतात. मी इथून फोटो पाठवायचे आणि सरांनी तिथून रिपोर्ट लिहायचा. म्हणजे इथे राज्य माझंच. मदतीला सोनूबाई आहेत, चादरी बदलणं, पेशंटना पाणी पाजणं आणि दटावणं ही त्यांची खाती. तीन महिने तात्पुरती नेमणूक, काम आवडलं तर कायम. न आवडायला काय झालं?

८ जानेवारी, बुधवार

मस्त चाललंय. सकाळी दहाला इंजेक्शन, मग तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं. तेवढ्यात औषध हाडांत जाऊन बसतं. जिथे हाड आजारी, तिथे ते जास्त साठतं आणि फोटोत काळा डाग दिसतो. मूत्राशयही काळंकुट्ट दिसतं, पण त्यावर कॉम्प्युटरने पांढरा चौकोन टाकून ते झाकायची सोय आहे. माझ्या फोटोंत फालतू डाग नसतात, कॉलेजातही मला सगळे चिन्मयी चकाचक म्हणायचे.

सहा तासांत औषध निम्मं होतं, दुसऱ्या सकाळपर्यंत जवळजवळ संपतं. त्यामुळे रोज सकाळी रिकाम्या टेबलाचा फोटो घेतला की तो कोरा यायला हवा, आणि तो येतो.

सोनूबाईंना माझं लग्न जमवायची घाई झाली आहे. त्यांचा भाचा साखर कारखान्यात परमनंट आहे म्हणे. मी म्हटलं, आधी मला तर परमनंट होऊ द्या.

११ जानेवारी, शनिवार (गाडीत लिहितेय)

संक्रांतीआधी दोन दिवस नाशिकला घरी चाललेय. साडेतीनची गाडी मिळाली बाई, पण कशी मिळाली ते माझं मला माहीत.

आज अंकुशनगरहून द्वारकाबाई आल्या होत्या, साठीच्या, सोबत मुलगा भागवत. दोन वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून हाडं टिकावीत म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. त्या इंजेक्शनांनी कधी कधी जबड्याचं हाडच मरायला लागतं. अशा जबड्यातला दात उपटला तर जखम भरत नाही, उलट हाड सडत जातं. बाईंच्या उजव्या दाढा हलतायत. अंबडचा दातांचा डॉक्टर शहाणा, त्याने आधी जबड्याचा फोटो मागितला.

बाईंनी पदर तोंडात धरून ठेवलेला. वास येतो म्हणून लाजत होत्या. चारचौघांत तोंड उघडं कसं टाकायचं, म्हणाल्या. पदर लाळेने ओला झालेला. औषधाचा थोडा अंश लाळेतही उतरतो, त्यामुळे तसं ओलं कापड फोटोत काळं दिसू शकतं. आणि दिसलंच, पण डाव्या बाजूला, जबड्याच्या कडेवर, नखाएवढं.

अशा वेळी तोंड धुवायचं, पदर काढायचा, परत फोटो घ्यायचा. पंधरा मिनिटं लागतात. सोनूबाईंनी विचारलंसुद्धा, बाईचा पदर बदलून आणू का? मी खेकसले त्यांच्यावर. तक्रार उजवीकडे आहे, डाग डावीकडे आहे, पदराचाच असणार! तीन वाजायला आले होते. डागावर पांढरा चौकोन टाकला, फोटोच्या पांढऱ्या कडेत तो मिसळूनही गेला, आणि फोटो पाठवला. सरांचा रिपोर्ट लगेच आला, जबडा निरोगी.

खिडकीतून ऊसच ऊस दिसतोय. मूड छान आहे.

१३ जानेवारी, सोमवार

रिकाम्या टेबलाचा फोटो कोरा आला नाही. डोक्याकडच्या बाजूला एक काळा डाग आहे, नखाएवढा.

उशी पुसली, कव्हर बदललं, टेबलही पुसलं. किरण मोजायचं यंत्र फिरवलं तर ते गप्प, म्हणजे तिथे काहीच नाही. तरी फोटोत डाग आहेच. शनिवारचं औषध आज उरणं शक्य नाही, हे गणित मी झोपेतही करू शकते.

कॅमेऱ्यात काही बिघाड असेल. कंपनीला फोन करते.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ वाटला. इंजिनिअर येऊन गेला. कॅमेरा टकाटक आहे म्हणाला.

दुपारी कचरू नावाचे आजोबा, खुब्याचं दुखणं. खुबा दिसला, आणि डाव्या जबड्यावर तोच डाग. तोंड धुवायला लावलं, टॉवेल बदलला, परत फोटो घेतला. डाग तिथेच. त्यांच्या पाठोपाठ एक मुलगी, क्रिकेट खेळताना पाय मोडलेली. तिच्याही.

सरांना हे काय सांगू? सांगितलं तर ते शनिवारचे न झाकलेले फोटो मागवतील. परत का घेतला नाही, हे विचारतील. दोघांच्या फोटोंवर पांढरा चौकोन टाकला.

मला स्वतःचीच चीड आली आहे. पंधरा मिनिटांचं तर काम होतं.

१५ जानेवारी, बुधवार

आजच्या फोटोंत डाग नखाएवढा नाही. बोटाएवढा झालाय, जबड्याच्या कडेने वाकलेला.

जेवताना भागवतचा फोन आला. आईला घेऊन उद्या अकराला अंबडला जाऊन राह्यलोय म्हणाला. नीट पाहिल्यावर डॉक्टरला दुखणं डावीकडच्या दाढांचं वाटतंय, आणि रिपोर्ट साफ आहे म्हणून त्या दोन उपटून टाकू म्हणतायत. फोटो तुम्ही काढल्ता म्याडम, म्हणून तुम्हालाच इचारतो, काढू ना?

डावीकडच्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. थांबा, मला परत फोटो काढू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पांढरा चौकोन उघडा पडला असता आणि नोकरीही गेली असती. मी म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, दात काढून घ्या.

तो मला दुवा देत राहिला. डबा तसाच झाकून ठेवला.

१६ जानेवारी, गुरुवार

अकरा वाजता टेबल रिकामं होतं. कॅमेरा मी चालू केला नव्हता. तरी पडद्यावर चित्र उमटत गेलं. नुसता खालचा जबडा, कानापासून कानापर्यंत, दातांसकट. हाडांच्या फोटोत दात असे सुटे कधीच दिसत नाहीत.

अकरा वीसला डावीकडची एक दाढ गेली. पडद्यावरून. समोर.

अकरा चाळीसला दुसरी.

त्या जागा भरल्या नाहीत. त्यांच्या भोवती काळं पसरत गेलं. मी प्लग काढला. चित्र राहिलं.

१८ जानेवारी, शनिवार

भागवतचा फोन. आईचा गाल सुजून डोळा मिटला. पू थांबत नाही. जखमेतून हाड दिसतंय. ती रडत पण न्हाई म्याडम, नुसती पदर चावत बसती. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट साफ आहे त्याअर्थी शेजारचा दात किडला असेल, सोमवारी तोही काढू.

मी ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. बाई मरेल ती.

म्हणाले — खरंच म्हणायला गेले की भाऊ, माझी चूक झाली. तोंड उघडलं. आणि माझ्याच आवाजात ऐकलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, दात काढून घ्या.

परत प्रयत्न केला. तेच.

सरांना फोन लावला. तेच. शब्दन् शब्द तेच. सर म्हणाले, छान.

सोनूबाईंना दोन्ही हातांनी धरलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत मागे सरकल्या. म्हणाल्या, पोरी, तू तर रडून राह्यलीस, मंग तुझ्या तोंडातून कोण बोलून राह्यलंय? आणि चप्पल न घालताच निघून गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

सेंटर बंद. किल्ली माझ्याकडे. दुपारी स्वतःच टेबलावर झोपले. इंजेक्शन नाही, काही नाही. फोटो कोरा यायला हवा.

मी नाहीच फोटोत. बरगड्या नाहीत, कवटी नाही. फक्त जबडा. डावीकडे दोन दाढा नाहीत.

जीभ फिरवून पाहिली. माझ्या आहेत. आहेत सगळ्या.

मी गप्प पडले होते, तरी फोटोतला जबडा हलत होता.

भागवतला मेसेज लिहायला घेतला. लिहिताना तोंड पुटपुटतं. हात तोंडाचं ऐकतो. पाठवल्यावर वाचला. रिपोर्ट नॉर्मल —

त्याचं उत्तर आलं, हात जोडलेले. अंबडला जायच्या आधी सोमवारी भेटून जातो, म्हणाला.

२० जानेवारी, सोमवार

सोनूबाई आल्या नाहीत. बाहेर भागवत आणि द्वारकाबाई बसलेत. काचेतून दिसतायत. गाल काळानिळा. मान खाली. अकराला दवाखान्यात पोचायचंय त्यांना. तो दोनदा दार वाजवून गेला. घाई न्हाई म्याडम, म्हणाला. फक्त एकदा तोंडानं सांगा.

तोंडात ओढणी कोंबली आहे. घट्ट. पुटपुटता येत नाही, तोवर हात माझा आहे. हे पान फाडून त्याच्या हातात देणार. बोलणार नाही. नुसतं देणार.

भागवतभाऊ, आईचा दात काढू देऊ नका. रिपोर्ट खोटा आहे. तो डाग पदराचा नव्हता, हाडातला होता. मी तो झाकला. आईंना घेऊन आत्ताच मोठ्या दवाखान्यात जा. हे पान तिथे दाखवा. हाड मरतंय, अजून वाचवता —

ओढणी चावली जातेय. मी चावत नाहीये —

भाऊ, माझं ऐकू नका, हेच वाचा, मी काही बोलले तरी

सुटली

दार उघडलं त्याने. विचारतोय. मी लिहितेय, अजून लिहितेय, काढू नका, काढू नका, काढू

काही काळजी नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे. दात का