आई म्हणून दाबलेलं बटण

अंबरनाथ, ४ जुलै

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन बंद ठेवलाय, म्हणून शेजारच्या मीनलच्या हाती हे पत्र देतेय. रविनाच्या क्लासने तिचा फोटो, नाव आणि माझा नंबर जाहिरातीत टाकला, तेव्हापासून परक्या माणसांचे फोन थांबत नाहीत. काल एकाने विचारलं, क्लास सुटल्यावर रविना कुठे उभी राहते? ताई, माझा जीव थाऱ्यावर नाही.

क्लासचे धर्मेश सर म्हणतात, आईनेच ॲपवर परवानगी दिली. मी कंपनीतल्या पाळीत अडकलेली, पोरगी तुझ्याकडे. तू काही दाबलं होतंस का? रागावू नकोस, पण लगेच कळव.

तुझी,
रंजना


बदलापूर, ५ जुलै

चि. रंजनास अनेक आशीर्वाद.

मीच दाबलं गं. प्रश्न आला, तुम्ही मुलीची आई आहात का? हो किंवा नाही. मावशी कुठे नव्हतीच. माय मरो पण मावशी जगो म्हणतात (तू शंभर वर्षं जग बाई!), मग मी 'हो' दाबलं. खरं सांगते, दाबताना फार बरं वाटलं.

आता रोज क्लासच्या दारातून तिला हाताला धरून घरी आणते. तिला लाज वाटते. वाटू दे.

यशोधरा


अंबरनाथ, ७ जुलै

प्रिय ताईस, सप्रेम जयभीम.

आपल्या वकील सम्यकला विचारलं. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईबापाची किंवा कायदेशीर पालकाची संमती लागते, आणि ती त्यांचीच आहे ना, हे क्लासने तपासायचं. जाहिरात काढा, असा माझा अर्ज तो क्लासला देतोय. सोबत तुझंही लिहून हवं, की तू तिची आई नाहीस.

तो नुसता कागद आहे गं. माया पातळ करू नकोस.

रंजना


बदलापूर, ९ जुलै

चि. रंजनास आशीर्वाद.

दिलं लिहून. धर्मेश सर वैतागले, बाई, एकदा हो, एकदा नाही, नक्की काय ते ठरवा म्हणाले. रविना शेजारीच उभी होती. 'मी रविनाची आई नाही' एवढंच लिहून खाली सही केली. जाहिरात लगेच काढली. ज्यांनी फोटो आधीच उतरवून घेतलाय, त्यांचं काय, ते कुणालाच सांगता येईना.

हेंद्रेपाड्यातल्या घरापर्यंत पोरगी माझा हात सोडून पुढे चालत राहिली. मला वाटलं, त्या कागदाचं तिला लागलं. दारात चपला काढताना म्हणाली, आई कोण ते तुम्ही दोघी बघा. फोटो माझा होता. मला कुणी विचारलं?

याचं उत्तर तुला सुचलं तर पत्रात लिहू नकोस, येऊन तिलाच सांग.

तुझी ताई, आणि तिची मावशीच,
यशोधरा